बारास एक : अप्पांच्या व्होल्वोच्या प्रतिकृतीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

अखेर आज कामाला हात घातला. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एसटीत तेहतीस वर्षं गाडी चालवली. आधीची वीस-बावीस वर्षं लाल गाड्या, आणि तिथून निवृत्तीपर्यंत नाशिक–पुणे मार्गावर वातानुकूलित व्होल्वो. दिवाळीत माझ्या सात वर्षांच्या मुलाने विचारलं, “आजोबा, तुमची बस कशी होती?” अप्पा हातवारे करून सांगायला लागले आणि मध्येच थांबले. दाखवायला काही नव्हतंच. घरात त्या गाडीचा एकच फोटो आहे, त्यातही अप्पा मागच्या चाकाशी टेकून उभे आणि गाडी तिरपी. तेव्हाच ठरवलं, ही गाडी बनवायची. खेळण्यातली नाही, मापाची.

मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात टूलरूममध्ये ड्रॉइंगचं काम करते, त्यामुळे मापाशिवाय हात चालत नाही. गाडी बारा मीटर लांब आणि दोन मीटर साठ रुंद. बारास एक प्रमाण धरलं तर मॉडेल बरोबर एक मीटरचं होतं. रुंदी साडेएकवीस सेंटिमीटरच्या किंचित वर. हॉलमधल्या शोकेसवर मावेल की नाही, ते नंतर बघू.

सामान रविवार कारंजावरून आणलं: पाच मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ पत्रा), खिडक्यांसाठी अॅक्रिलिक, एमसील, चारशे नंबरचा पॉलिश पेपर. चाकं मात्र लेथवर टर्न करून घेणार.

८ जानेवारी, बुधवार

जेवताना विषय निघाला तो “इंपोर्टेड” या शब्दावरून. अप्पांच्या गावी, सिन्नर तालुक्यात, लोक अजून म्हणतात, “तो फॉरेनची गाडी चालवायचा.” मी म्हटलं, अप्पा, ती बंगळुरूजवळ होसकोटेला तयार व्हायची. कंपनी स्वीडनची, गोटेनबर्गची. १९९८ मध्ये त्यांनी भारतात ट्रक आणले आणि २००१ मध्ये ही बी-सेव्हन-आर बस.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बॉडी कुठं बांधली त्यानं गाडी आपली का परकी हे ठरत नाय. आपल्याकडं तवर ट्रकच्या चासीवर बॉडी चढवायची आन् तिला बस म्हणायचं. ही पहिल्यापासून माणसांसाठीच बनवलेली. म्हणून मी तिला बाहेरची म्हणतो.”

मी वही काढली आणि हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. बाहेरचा होता तो विचार. इंजिन मागे, फुग्यांवरचं सस्पेन्शन, सामान पोटात, दार पुढच्या चाकाच्याही पुढे. आपल्या रस्त्यांना यातलं काहीच ओळखीचं नव्हतं आणि आपल्या चालकांनाही. तेव्हा अप्पा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी सगळं नव्याने शिकून घेतलं. मला हेच नोंदवायचं आहे. मॉडेल हे त्याचं निमित्त.

व्होल्वो या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी फिरतो’ असा आहे, हेही त्यांना सांगितलं. ते त्यांना फार आवडलं. दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

१२ जानेवारी, रविवार

दोन्ही बाजूंचे पत्रे, म्हणजे सनबोर्डच्या पट्ट्या, कापून झाल्या. फोटोवरून माप काढलं: पुढच्या टोकापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत सतरा सेंटिमीटर. चाकाच्या कमानी कर्कटकाने आखून कापल्या. कटरचं पातं चार वेळा बदलावं लागलं. बोथट पात्याने सनबोर्डचा फोम फाटतो आणि कड दातेरी होते.

आई संक्रांतीच्या वड्या थापत होती. तिने एक गोष्ट सांगितली, ती अप्पांनी कधी सांगितली नव्हती. लाल गाडीला इंजिन पुढे असतं, चालकाच्या डाव्या हाताला, बॉनेटखाली. पहाटेच्या ड्युटीला आई चार वाजता भाकरी करून द्यायची आणि अप्पा डबा बॉनेटवर ठेवायचे. संगमनेरला पोहोचेपर्यंत भाकरी पुन्हा तव्यावरची असल्यासारखी. थंडीत डाव्या मांडीला इंजिनाची ऊब लागायची. निफाडकडून येणारं वारं जानेवारीत कसं असतं, ते नाशिककराला सांगायला नको.

व्होल्वोवर गेल्यापासून डबा थंड. इंजिन मागे, बारा मीटरवर. पहिल्या आठवड्यात अप्पा घरी येऊन म्हणाले, “आजपासून पोळी दे, गार भाकरी घशाखाली उतरत नाय.” आई म्हणाली, “एवढी लाखांची गाडी, पण माझी भाकरी गेली त्यात.” सांगतानाही तिचा आवाज जरा दुखरा झाला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. मुलगा गच्चीवर पतंगात.

१९ जानेवारी, रविवार

चाकं झाली. खऱ्या गाडीचे टायर २९५/८०, साडेबावीस इंची रिमचे, ट्यूबलेस रेडियल. आकडेमोड केली तर चाकाचा व्यास १०४४ मिलिमीटरच्या आसपास येतो. बारास एक म्हणजे ८७. काळा नायलॉन रॉड सत्त्याऐंशीला टर्न करून घेतला. मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं, म्हणून एकूण सहा. अप्पांनी एक हातात घेऊन उलटसुलट फिरवलं आणि म्हणाले, “जड पाहिजे जरा.” नायलॉन हलका असतो. आतून भोक पाडून शिसं भरायचं ठरलं.

चाकावरून विषय आवाजावर गेला. आजच्या नोंदीतला खरा ऐवज हाच.

अप्पा म्हणाले, “लाल गाडी कानानं चालवायची असते.” जुन्या लेलँडला गिअर टाकायला डबल क्लच लागायचा. क्लच दाबून न्यूट्रल, सोडून पुन्हा दाबून गिअर, आणि उतरता गिअर टाकताना मध्ये एक्सलेटरचा ठोसा. कधी टाकायचा हे इंजिन सांगायचं. घाट चढताना आवाज घोगरा झाला, बॉनेट थरथरलं, की पाय आपोआप हलायचा. काटा कोणी बघायचं नाही. बऱ्याच गाड्यांचे काटे चालतही नसत.

व्होल्वोत बसले आणि कानाला कामच उरलं नाही. सहा सिलिंडरचं, सात लिटरचं इंजिन मागे धडधडतंय आणि पुढे ऐकू येतो तो एसीचा वारा. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात त्यांनी इंजिन सुरू असताना पुन्हा स्टार्टर मारला, कारण सुरू झाल्याचं कळलंच नाही. शिकवणाऱ्याने आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या, काट्याकडे बोट दाखवलं. काट्याच्या तबकडीवर हिरवा पट्टा होता. काटा त्या पट्ट्यात ठेवायचा, बाहेर गेला की गिअर बदलायचा. एवढंच.

“एवढंच, पण महिना गेला,” अप्पा म्हणाले. “बावीस वर्षं कानात होतं ते डोळ्यात आणायला महिना गेला. पाय तर डबल क्लच मारतच राहिला. गरज नव्हती, तरी मारायचा.”

मी विचारलं, मग कान कशासाठी वापरायला लागलात? ते म्हणाले, माणसांसाठी. गाडी एवढी शांत की मागच्या सीटवरचं लेकरू रडलेलं ऐकू यायचं. कोणाला उलटी होईल असं वाटतंय, कोणाला आळेफाट्याला उतरायचंय, कोण फोनवर भांडतंय, सगळं. लाल गाडीत कधी कळलं नव्हतं की पाठीमागे चाळीस जण एवढं बोलत असतात.

२६ जानेवारी, रविवार

सगळं चुकलं. आणि चूक अप्पांनी पकडली, माझ्या व्हर्नियरने, म्हणजे मोजपट्टीने, नाही.

दोन्ही बाजू, तळ आणि टप उभे करून टेपने तात्पुरते जोडले होते, चाकं नुसती कमानीत टेकवलेली. झेंडावंदनाहून परत आल्यावर अप्पा खुर्ची ओढून समोर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुढच्या चाकावर बोट ठेवून म्हणाले, “हे माझ्या पोटाखाली आलंय.”

मला कळेना. ते म्हणाले, “लाल गाडीत चाक बुडाखाली असतं. हिच्यात मपल्या पाठीमागं होतं. मी, माझी सीट, सीटमागं पिशवी आन् पाण्याचा कॅन, त्याच्याही मागं चाक.”

फोटो पुन्हा काढला. अप्पा मागच्या चाकाशी उभे आहेत, म्हणजे फोटो काढणाराही तिथेच होता. गाडीचं तोंड त्याच्यापासून लांब, म्हणून पुढचा भाग फोटोत आखूड दिसतो. रोज ड्रॉइंगमध्ये जी चूक मी दुसऱ्यांची काढते, ती घरी स्वतः केली. तिरप्या फोटोवरून सरळ माप घेतलं. वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला, कारण निवृत्तीला दहा वर्षं होत आली तरी ते चाक नेमकं कुठे आहे हे त्या माणसाच्या पाठीला अजून माहीत आहे.

दोन्ही बाजू बाद.

२ फेब्रुवारी, रविवार

माप नव्याने, आणि या वेळी अप्पांवरून. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची हॉलच्या मधोमध मांडली. अप्पा बसले, हात स्टिअरिंगवर असल्यासारखे धरले. त्या स्टिअरिंगचं चाक मोठं आणि आडवं होतं. हात आपोआप रुंद झाले आणि खांदे सैल पडले. पाय पेडलवर. मी फरशीवर खडूने खुणा करत गेले: पेडलच्या पुढे काच आणि बंपर, इथे टाचा, इथे सीटची पाठ, इथे पिशवी. मग कमान, मग तिच्या मध्यावर चाकाचा मध्य.

टेप लावला. दोन मीटर साठ.

तीन वेळा केलं, दर वेळी त्यांना उठवून चहा देऊन पुन्हा बसवलं. दोन मीटर अठ्ठावन्न, दोन साठ, दोन चौसष्ट. बारास एक म्हणजे साडेएकवीस सेंटिमीटर. उरलेल्या लांबीत दोन चाकांमधलं अंतर बावन्न आणि मागे साडेसव्वीस धरलं. बेरीज बरोबर शंभर. नव्या बाजू कापायला घेतल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

कापणं, चिकटवणं, घासणं. लिहिण्यासारखं नाही. पण अप्पा हातात पॉलिश पेपर घेऊन बसले की बोलतात, आणि आज जुन्या गाड्यांवर बोलले.

ते नोकरीला लागले १९८२ मध्ये. तेव्हा डेपोत पन्नाशी ओलांडलेले चालक होते, आणि त्यांना शिकवणाऱ्यांनी एसटीच्या अगदी सुरुवातीच्या गाड्या चालवलेल्या. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती बेडफोर्ड. लाकडी बॉडी, काथ्याच्या सीटा, रंग निळा आणि टप चंदेरी. लाल रंग पुढे आला. त्या काळात ताफ्यात दहा बनावटीच्या गाड्या होत्या: शेवरोले, फोर्ड, बेडफोर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट. एकही नाव आपलं नाही! मेकॅनिकने दहा तऱ्हांचे पाने कसे सांभाळले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यातल्या मॉरिस कमर्शियलच्या चासीवर पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोन आरामगाड्या बांधल्या होत्या, ‘नीलकमल’ आणि ‘गिरियारोहिणी’. पुणे–महाबळेश्वर मार्गावर चालायच्या. दोन-दोन सीटा, पडदे, हिरवट काचा आणि गाडीत घड्याळ. अप्पांच्या उस्तादाने त्यांना या गाड्यांचं वर्णन ऐकवलं होतं आणि उस्तादाला त्याच्या उस्तादाने. व्होल्वोत पहिल्यांदा चढल्यावर अप्पांनी सगळ्यात आधी घड्याळ शोधलं. समोर वर लाल आकड्यांचं होतं. “म्हटलं, आली परत नीलकमल,” ते म्हणाले आणि पेपर घासत राहिले.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज काम बंद, प्रवास. अप्पांना घेऊन पुण्याच्या बाजूला आळेफाट्यापर्यंत गेले. जाताना विजेवरची बस मुद्दाम निवडली. एसटीच्या या ‘शिवाई’ गाड्या १ जून २०२२ ला पुणे–अहमदनगर मार्गावरच सुरू झाल्या, पहिल्या बेडफोर्डच्या वाटेवर.

अप्पा पहिल्या रांगेत बसले. मोहदरी घाटापर्यंत चालकाच्या पायांकडे बघत होते. सिन्नरनंतर डोळे मिटले. मला वाटलं झोपले. ते ऐकत होते. संगमनेर आल्यावर म्हणाले, “हिला तर मागंही आवाज नाय. आता पोरं कशानं शिकत असतील?” त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. उतरताना त्यांनी चालकाला विचारलं. तो तिशीचा मुलगा आदराने उभा राहून म्हणाला, “काका, समोर स्क्रीनवर सगळं येतं. पण उतारावर पायाला कळतं. पाय उचलला की मोटारच गाडी धरते.” अप्पांनी मान हलवली. “पायाला कळतं,” हे शब्द परत येईपर्यंत दोनदा म्हणाले.

संगमनेर सोडल्यावर चंदनापुरी घाट. रस्ता आता चौपदरी. अप्पांच्या वेळी दोन गाड्या जेमतेम जायच्या. मी खिडकीतून बघत होते आणि मला २००८ चा मे आठवला. दहावीनंतर पुण्याला प्रवेशाचं बघायला निघाले होते, अप्पांच्याच गाडीने, पहिल्या सीटवर. वळण आलं आणि अप्पांनी गाडी वळवलीच नाही. कडेचे पांढरे दगड काचेखाली गेले, समोर नुसती दरी आणि खालची शेतं. मी समोरचा दांडा घट्ट धरला. मग गाडी सावकाश, जणू काही झालंच नाही अशी, उजवीकडे फिरली. शेजारच्या आजी सप्तशृंगीचं नाव घेत होत्या. मी अप्पांना कधी विचारलं नाही. मुलीने वडिलांच्या हातावर शंका घेतली असं त्यांना वाटलं असतं.

येताना लाल गाडी मिळाली. गर्दीत अप्पांना पुढे जागा दिली गेली, बॉनेटशेजारी. नाशिक येईपर्यंत त्यांचा उजवा तळवा बॉनेटवर होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

खिडक्या बसवल्या. अॅक्रिलिकला अप्पांनी छोटे लाल ठिपके द्यायला सांगितले, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. हातोड्यांच्या जागा.

या गाडीच्या काचा उघडत नाहीत. लाल गाडीत काच सरकवून माणूस बाहेर पडू शकतो. इथे हातोडीने काच फोडावी लागते. अप्पा नाशिकहून निघण्याआधी रोज उभं राहून सांगायचे: हातोड्या इथे, मागचं संकटकालीन दार तिथे. लोक मोबाइल बघत असायचे. तरी सांगायचे. विमानात सांगतात तेव्हा कोणी काही म्हणत नाही, मग बसमध्ये का नको, हे त्यांचं म्हणणं. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे आपल्या नाशिकमध्ये, औरंगाबाद रस्त्यावर, ट्रकच्या धडकेनंतर खासगी बस पेटली, त्या सकाळी अप्पा टीव्हीसमोरून उठलेच नाहीत. जेवलेही नाहीत. एकच विचारत होते: “निघताना कोणी सांगितलं होतं का?”

चार ठिपके मी ब्रशने नाही, सुईच्या टोकाने दिले.

२ मार्च, रविवार

स्टिअरिंग. मॉडेलची चाकं नुसती फिरून चालणार नाहीत, वळायला हवीत, आणि खऱ्यासारखी वळायला हवीत. वळणात आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, कारण त्याचा घेर लहान असतो. उपाय जुना आहे: दोन्ही चाकांचे स्टिअरिंग आर्म थोडे आत कलते ठेवायचे, असे की त्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर मागच्या अॅक्सलच्या मध्यावर मिळाव्यात. म्युनिकच्या लँकेनस्पर्गरने १८१७ मध्ये हे घोडागाडीसाठी शोधलं, पुढच्या वर्षी लंडनमध्ये अॅकरमनने पेटंट घेतलं आणि नाव अॅकरमनचं राहिलं.

दोन मिलिमीटरच्या पितळी पट्टीतून आर्म कापले, सायकलच्या स्पोकची टाय रॉड, म्हणजे दोन्ही आर्म जोडणारी दांडी, केली. पहिल्या प्रयत्नात चाकं अडखळली, कारण कमानीला घासत होती. कमान आतून कानशीने उतरवली. रात्री साडेअकराला दोन्ही चाकं मोकळी वळली. सगळे झोपले होते, म्हणून ही वही.

९ मार्च, रविवार

शेपटीची गोष्ट. ही अप्पांनी आपणहून सांगितली. इतकी वर्षं घरात कोणालाही माहीत नव्हती.

व्होल्वोवरचा दुसरा आठवडा. एका बसस्थानकातून निघताना त्यांनी नाक व्यवस्थित सांभाळलं. दरीची सवय होत होती, पुढचं लक्षात होतं. उजवीकडे पूर्ण वळवली आणि मागून डाव्या बाजूने करकर आवाज आला. गाडीची शेपटी मागच्या चाकाच्या मागे तीन मीटरहून जास्त लांब असते. नाक उजवीकडे गेलं की शेपटी आधी डावीकडे झटकते, म्हशीने पाठ वळवावी तशी. फलाटाच्या खांबाने रंग खरवडला. माणूस नव्हता तिथे. पण पाच मिनिटं आधी एक बाई लेकरू घेऊन त्याच खांबाला टेकून बसली होती, ते त्यांनी गाडी लावताना पाहिलं होतं.

“चूक माझीच. मी गाडीचं एकच टोक बघितलं,” ते म्हणाले. रंगाचा खर्च त्यांनी भरला, त्याबद्दल काही नाही. पण त्यानंतर निवृत्तीपर्यंत, कुठल्याही स्थानकातून निघताना, ते आधी खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारायचे. मला वाटायचं पाय मोकळे करतात.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारून आलेला मुलगा पिवळाधमक. मॉडेल कपाटावर ठेवलं, कपड्याने झाकून. प्रायमरचा राखाडी हात झाला आहे, वरचा रंग अजून नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारून झाल्यावर हॉल रिकामा केला, सोफा बाल्कनीत. शहाबादी फरशीवर ओल्या फडक्याचा हात मारून सुकू दिली.

मॉडेलला तीन खडूचे तुकडे तारेने बांधले, खालचं टोक जमिनीला टेकेल असे: नाकाच्या डाव्या कोपऱ्याला लाल, पुढच्या डाव्या चाकाशी पांढरा, शेपटीच्या डाव्या कोपऱ्याला निळा. चाकं उजवीकडे वळवून अडकवली आणि मुलाने मॉडेल हळूहळू ढकललं.

फरशीवर तीन रेषा उमटल्या. पांढरी चाकाची. तिच्या बाहेर, बरीच बाहेर, लाल. मोजली: चौदा सेंटिमीटर. खऱ्या गाडीत एक मीटर सत्तरच्या जवळ. चाक रस्त्याच्या कडेवर असताना चालक आणि पहिली सीट एवढे दरीवर असतात. निळी रेषा सुरुवातीला डावीकडे फुगलेली, पाच सेंटिमीटर, म्हणजे साठ सेंटिमीटर. त्या खांबाएवढी.

अप्पा गुडघे दुखत असूनही खाली बसले. लाल रेषेवरून बोट फिरवलं. मग खिशातून काडेपेटी काढली आणि पांढऱ्या आणि लाल रेषेच्या मध्ये आडवी ठेवली. “हा कडेचा दगड,” म्हणाले. “पुन्हा ढकल.”

मुलाने ढकललं. नाक काडेपेटीवरून, बोटभर अंतर ठेवून, तिला न लागता गेलं. चाक तिच्या आतून.

“आधी नाक दरीत जाऊ द्यायचं,” अप्पा नातवाला सांगत होते. “दगड दिसेनासा झाला की मनात एक म्हणायचं, मग वळवायचं. आधी वळवलं तर मागचं चाक डोंगराला घासतं.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “तुझी आई तेव्हा डोळे मिटून बसली होती. आरशात दिसली. मी मुद्दाम सावकाश वळवली.”

मी काही बोलू शकले नाही. खडूचा हात पदराला पुसला.

“आता उलट बाजूनं,” अप्पा म्हणाले. “पुण्याहून येताना.” मी मॉडेल उचलून दुसऱ्या टोकाला ठेवलं, चाकं डावीकडे वळवली. अप्पांनी काडेपेटी उचलली आणि वळणाच्या आतल्या कडेला ठेवली. “इथं नाकाचं काम नाय. इथं मागच्या चाकाकडं बघ.”